बाली-लोंबोकच्या मधला करंट उलटा का फिरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीहून नुसा पेनिदाला बोटीने जाऊन आलेली मंडळी परत आली की मला हमखास विचारतात, "अरे तिथलं पाणी नदीसारखं वाहतं, आणि बोटवाला म्हणाला कधीकधी उलटं पण वाहतं, हे काय प्रकरण आहे?" तेच तेच दहा जणांना टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढे पुढे जरा डोकं खाणारे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे नंबर दिलाय.

१. सामुद्रधुनी म्हणजे खाडीच ना? आणि लोंबोकचंच एवढं काय कौतुक?

खाडी एका बाजूने बंद असते, सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी उघडी. दोन समुद्रांना जोडणारी चिंचोळी गल्ली म्हणा. लोंबोकची सामुद्रधुनी बाली आणि लोंबोक या दोन बेटांच्या मध्ये आहे, दक्षिणेला हिंदी महासागर, उत्तरेला बाली समुद्र, आणि तिथून वर मकास्सरच्या सामुद्रधुनीतून गेलं की पॅसिफिक. दक्षिणेच्या तोंडातच नुसा पेनिदा हे बेट बसलंय, त्यामुळे गल्ली आणखी अरुंद झालीये आणि तिथेच तळ उंचावून जवळपास ३०० मीटरवर आलाय, म्हणजे दाराला उंबरठा असतो तसा. आजूबाजूला समुद्र हजार-हजार मीटर खोल आणि दारात उंबरठा, म्हणून इथे पाण्याची सगळी नाटकं ठळक दिसतात.

२. एरवी पाणी कुठल्या दिशेने जातं आणि त्याला ढकलतं कोण?

एरवी उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे पॅसिफिकमधून हिंदी महासागरात. पॅसिफिकवरचे व्यापारी वारे वर्षभर पाणी पश्चिमेकडे लोटत राहतात, ते इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या बाजूला साचतं, आणि त्या बाजूची पातळी हिंदी महासागराच्या बाजूपेक्षा जरा चढी राहते. जरा म्हणजे किती? क्लाउस विर्टकी नावाच्या शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये फिलिपिन्समधल्या दवाव आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विन इथल्या समुद्रपातळीच्या नोंदी लावून सरासरी फरक काढला, तो १६ सेंटिमीटर. एक वीतसुद्धा नाही. आणि तेवढ्यावर सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून पलीकडे जातं.

समुद्रवाले हे स्वेर्ड्रुपमध्ये मोजतात, १ स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेमतेम सव्वा स्वेर्ड्रुप होतात, इथे १५ आहे. त्यातलं लोंबोकमधून साधारण २.६, त्याच्या पूर्वेकडच्या ओंबाई सामुद्रधुनीतून ४.९, आणि तिमोरच्या वाटेने ७.५ जातं, हे २००४ ते २००६ मधल्या मोजणीचे आकडे (मोजतात कसं ते प्रश्न १२ मध्ये).

३. करंट उलटा होतो म्हणजे भरती-ओहोटीच ना? त्यात नवीन काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याची चूक पण नाही, कारण मी स्वतः यात फसलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा मे महिना होता, बोटीखालचं पाणी उत्तरेकडे जाताना बघून मी सोबतच्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बघा, हाच तो हिंदी महासागरातून आलेला उलटा करंट. सहा तासांनी परत येताना पाणी दक्षिणेकडे. साधी भरती-ओहोटी होती.

तर दोन गोष्टी वेगळ्या करा. भरतीचा करंट साधारण सव्वासहा तासांनी दिशा बदलतो, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) जोरात, भांगाला (अष्टमीच्या आसपास) मवाळ, आणि तो चंद्र-सूर्याच्या हिशोबाने वर्षभर आधी छापता येतो. आपण ज्याबद्दल बोलतोय तो यातून भरती-ओहोटी वजा केल्यावर जे उरतं ते. म्हणजे समजा दिवसभराची सगळी जा-ये बेरीज केली तर शेवटी पाणी कुठे गेलं? बहुतेक दिवस उत्तर येतं "दक्षिणेला". पण वर्षातले काही आठवडे उत्तर येतं "उत्तरेला". तो खरा उलटा करंट, आणि तो चंद्रामुळे होत नाही. डोळ्यांनी बोटीतून बघून तो ओळखता येत नाही, हे माझ्यावरून शिका.

४. मग उलटवतं कोण, वारा की लाट?

दोघं, पण वाऱ्याने सुरुवात केलेली असते आणि लाटेने निरोप पोचवलेला असतो. आणि गंमत म्हणजे तो वारा बहुतेकदा बालीवर वाहिलेलाच नसतो.

शेतातल्या दोन वाफ्यांना जोडणारी चारी डोळ्यासमोर आणा. वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्यात जातंय. आता पाणी उलटं फिरवायचं असेल तर चारीत उतरून पाणी ढकलायची गरज नाही, खालचा वाफा कुठूनतरी भरला आणि पातळी वर आली की चारी आपोआप उलटी वाहते. सामुद्रधुनी ही चारी आहे. खालचा वाफा म्हणजे जावा-बालीच्या दक्षिणेचा किनारा. तिथली पातळी दहा-पंधरा सेंटिमीटर वर आली की पुरे, कारण मुळात उतारच वीतभर आहे (प्रश्न २), आणि तो वीतभर उतारही अख्ख्या रस्त्याचा, लोंबोकच्या वाट्याला त्यातला तुकडाच येतो.

ही पातळी वर आणणारी जी गोष्ट आहे तिला केल्विन लाट म्हणतात. ती हजारो किलोमीटर लांब, विषुववृत्तावरच्या वाऱ्याने तयार झालेली असते आणि सुमात्रा-जावाच्या किनाऱ्याला धरून चालत इथे येते. म्हणून बालीत आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि करंट मात्र उलटा, असं होऊ शकतं.

५. केल्विन लाट किनाऱ्यावर उभं राहून दिसते का? सर्फिंगवाली लाट तीच का?

नाही दिसत, आणि ती तर नाहीच नाही. सर्फिंगची लाट काही सेकंदांत येऊन फुटते. केल्विन लाट म्हणजे पाण्याचा एक लांबलचक, अतिशय चपटा फुगवटा, शेकडो ते हजारो किलोमीटर लांब, उंची काही सेंटिमीटर, आणि एका जागेवरून पूर्ण पुढे सरकायला तिला काही दिवस ते आठवडे लागतात. खरी करामत खाली असते. वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी यांच्यातली सीमा असते ना, ती या फुगवट्याखाली काही दहा मीटर खाली दबते. वर दहा सेंटिमीटर, खाली दहापट नाही, शेकडोपट.

अजून एक. लाट पुढे जाते म्हणजे तेच पाणी सुमात्राहून लोंबोकला येतं असं नाही. गच्चीवर दोघांनी सतरंजी धरून झटकली की फुगवटा इकडून तिकडे पळतो, सतरंजी काही पळत नाही, तसंच. लाट सेकंदाला साधारण अडीच मीटरने जाते म्हणजे दिवसाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. पाणी स्वतः त्याच्या मानाने फार सावकाश हलतं. पण फुगवट्याखालचं पाणी लाटेच्याच दिशेने थोडं सरकतं, आणि तो धक्का लोंबोकला पोचला की उत्तरेकडे वळतो.

पाडांगपासून, म्हणजे सुमात्राच्या मध्यापासून लोंबोकपर्यंत अंदाजे १९०० किलोमीटर धरा. आठ-दहा दिवसांत निरोप पोचला.

६. ती किनाऱ्यालाच का चिकटते? खुल्या समुद्रात पसरून का जात नाही?

पृथ्वीच्या फिरण्यामुळे. दक्षिण गोलार्धात हलणारं पाणी डावीकडे ओढलं जातं, उत्तर गोलार्धात उजवीकडे. सुमात्राच्या दक्षिण भागातून जावाच्या दिशेने चाललात तर किनारा तुमच्या डाव्या हाताला येतो. पाणी डावीकडे जायला बघतं, तिथे जमीन आडवी, त्यामुळे ढीग किनाऱ्याशी दाबलेला राहतो आणि पुढे सरकत राहतो. जावाजवळ हा पट्टा साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर रुंद, त्यापलीकडे लाट विरत जाते. उत्तर गोलार्धात हेच उलट, किनारा उजव्या हाताला. हे लक्षात ठेवा, प्रश्न १३ मध्ये लागेल.

विषुववृत्तावर किनारा नसतो तरी लाट तिथे धरून चालते, कारण दोन्ही गोलार्धांची ओढ तिला मधल्या रेषेवरच आणून सोडते. तिथे ती फक्त पूर्वेलाच जाते. किनाऱ्याला धरून चालणाऱ्या लाटेचं गणित लॉर्ड केल्विन म्हणजे विल्यम थॉमसन यांनी १८७९ मध्ये मांडलं, त्यांच्यासमोर बाली-बिली काही नव्हतं.

७. कुठला वारा म्हणताय नक्की? आपला मान्सूनच का?

मान्सूनच, पण मान्सूनच्या मधली सुट्टी. नैर्ऋत्य मान्सून जोरात असतो तेव्हा किंवा हिवाळ्यात ईशान्य मान्सून असतो तेव्हा हिंदी महासागरात वारे विषुववृत्त ओलांडून जातात. पण एक संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या काळात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, विषुववृत्तावर वारा सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तेवढ्या दिवसांत तिथे पूर्वेकडे धावणारा एक जोरदार प्रवाह तयार होतो, सेकंदाला मीटरच्या आसपास, समुद्राच्या मानाने हे भलतंच फास्ट. याला विर्टकी जेट म्हणतात, तेच प्रश्न २ मधले विर्टकी, त्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. हा माणूस १९५० च्या दशकात जकार्तात काम करून गेला होता, त्यामुळे इंडोनेशियाचं पाणी त्याला घरच्यासारखं माहीत.

हे सगळं पूर्वेला लोटलेलं पाणी आणि त्याबरोबरची केल्विन लाट सुमात्राला जाऊन धडकते. तिथे तिचे भाग होतात, थोडी लाट वेगळ्या रूपात माघारी पश्चिमेला जाते, एक फाटा किनाऱ्याने उत्तरेला, एक दक्षिणेला. दक्षिणेचा फाटा आपल्या लोंबोकचा.

८. मग बालीवर वाहणाऱ्या वाऱ्याचा काहीच संबंध नाही?

आहे, चांगलाच आहे. जून ते सप्टेंबर तिथे आग्नेयेचा वारा असतो, जावाच्या किनाऱ्याला समांतर, वायव्येकडे जाणारा. दक्षिण गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे सरकतं, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे. किनाऱ्याची पातळी उतरते, खालून गार पाणी वर येतं, खालचा वाफा रिकामा झाला म्हणून चारी आणखी जोरात दक्षिणेकडे वाहते. १९८५ मध्ये पहिल्यांदा वर्षभर लोंबोकमध्ये मोजलं गेलं तेव्हा सरासरी १.७ स्वेर्ड्रुप आली, पण जुलै-ऑगस्टमध्ये ४ पर्यंत गेली होती.

डिसेंबर ते मार्च वारा उलटा, वायव्येकडून. तेव्हा पाणी किनाऱ्याकडे दाबलं जातं, पातळी चढते, दक्षिणेचा प्रवाह मंदावतो. म्हणजे स्थानिक वारा आणि लांबून आलेली लाट दोघंही एकच काम करतात, किनाऱ्याची पातळी वरखाली. कधी एकाच बाजूने जोर लावतात, कधी एकमेकांना खातात.

९. वर्षातून किती वेळा उलटतो? तारीख सांगता येईल का?

तारीख नाही, मोसम सांगता येईल. मेच्या आसपास एकदा आणि नोव्हेंबरच्या आसपास एकदा, हे दोन मोठे, कारण प्रश्न ७. हे काही दिवस ते दोनेक आठवडे टिकतात. याशिवाय विषुववृत्तावर ३० ते ९० दिवसांच्या अंतराने ढग-पावसाचे मोठे पट्टे पूर्वेला सरकत असतात (मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन, आता हवामानाच्या बातम्यांत पण येतं हे नाव), त्यांच्याबरोबरचा वारा पण छोट्या केल्विन लाटा सोडतो. त्यामुळे मधूनच, कॅलेंडरला न विचारता, करंट मंद होतो किंवा उलटतो.

१०. लाट लोंबोकमध्ये वळते की सरळ पुढे जाते? आणि मकास्सरपर्यंत पोचते हे खरं?

दोन्ही होतं. किनारा धरून चालणाऱ्या लाटेच्या डाव्या हाताला अचानक भगदाड आलं तर ती त्यात शिरणारच, पण वाट अरुंद आणि ३०० मीटरचा उंबरठा, त्यामुळे सगळी मावत नाही. मोठा हिस्सा आत वळतो, उरलेली पुढे सुम्बा, ओंबाईकडे जाते. जी लाट जास्त खोलवरची आहे तिला उंबरठा अडवतो, म्हणून ओंबाईसारख्या खोल वाटेत तिचा परिणाम लोंबोकपेक्षा पुष्कळ खाली सापडतो.

आत शिरलेला हिस्सा उत्तरेला जाऊन मकास्सरला पोचतो, हो खरंय. १९९६ च्या शेवटापासून १९९८ च्या मध्यापर्यंत मकास्सरमध्ये उपकरणं टाकलेली होती, आणि मे १९९७ मध्ये तिथला करंट उत्तरेकडे फिरलेला नोंदला गेला. मागे जाऊन बघितलं तर आधी जावाच्या दक्षिण किनाऱ्याला पातळी वाढलेली, आणि त्याआधी विषुववृत्तावर पश्चिमेचा वारा. चोराच्या पावलांचा माग काढावा तसं आहे हे.

आता गैरसमज होऊ नये म्हणून, मकास्सरमध्ये डिसेंबर ते मार्च वरचा थर मंद होतो त्याचं कारण वेगळं. वायव्य वारा जावा समुद्रातलं पावसाचं, कमी खारट, हलकं पाणी मकास्सरच्या दक्षिण तोंडाशी आणून ठेवतो, आणि ते बूच लावल्यासारखं बसतं. तिथे केल्विन लाटेला दोष देऊ नका.

११. गेल्या वेळी नोव्हेंबरमध्ये काहीच उलटं झालं नाही असं वाचलं. मग तुमची थिअरी चुकली का?

थिअरी माझी नाही आणि चुकलेली पण नाही. काही वर्षी हिंदी महासागराचं डोकं फिरतं. पूर्वेचं, म्हणजे सुमात्राकडचं पाणी गार आणि आफ्रिकेकडचं गरम, असा प्रकार होतो, याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, १९९९ मध्ये हे नाव पडलं आणि ते देणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञ पण होते. १९९७, २००६, २०१९ ही त्यातली मोठी वर्षं. अशा वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विषुववृत्तावर पश्चिमेच्या ऐवजी पूर्वेचा वारा, मग विर्टकी जेट एक तर मरतुकडा नाहीतर गायबच. फुगवट्याची लाट येतच नाही, उलट पातळी उतरवणारी, खड्ड्याची केल्विन लाट येते. मग पाणी उलटायचं सोडून दक्षिणेलाच जास्त धावतं.

एल निनो हे दुसरं प्रकरण. त्यात वरचा वाफा, म्हणजे पॅसिफिककडची पातळी उतरते, त्यामुळे एकूण प्रवाहच कमी होतो. मकास्सरमधून १९९६-९७ च्या हिवाळ्यात १२ स्वेर्ड्रुपच्या आसपास जात होतं, एल निनोच्या १९९७-९८ च्या हिवाळ्यात ते ५ वर आलं. आधीच मरगळलेल्या प्रवाहाला उलटवायला लाट पण छोटी पुरते.

१२. पाण्याखालचा करंट मोजतात कसा? कोणी बसून असतं का तिथे?

तळाला जड वजन, त्याला बांधलेली लांब दोरी, वर तरंगा (पण पाण्याच्या खालीच ठेवलेला, नाहीतर मच्छिमारांच्या जाळ्यात किंवा जहाजाच्या पंख्यात जाईल), आणि दोरीवर जागोजागी करंटमीटर. काही मीटर आवाज सोडून पाण्यातल्या कणांवरून येणारा प्रतिध्वनी ऐकतात आणि त्यावरून वेग काढतात. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, नेदरलँड्स आणि अमेरिका यांनी मिळून २००४ ते २००६ तीन वर्षं असं एकाच वेळी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांवर मोजलं, त्याचं नाव इन्स्टंट. नाव इन्स्टंट, काम तीन वर्षांचं. जोडीला किनाऱ्यावरचे पातळी मोजणारे गेज, जसं जावाच्या दक्षिणेला चिलाचाप, आणि १९९२ पासून समुद्राची उंची मोजणारे सॅटेलाइट.

१३. हे सगळं इंडोनेशियाचं झालं, आपल्या कोकण-गोव्याला काय त्याचं?

प्रश्न ७ मध्ये सुमात्राला एक फाटा उत्तरेला गेला होता, तो आठवतोय? तो उत्तर गोलार्धात किनारा उजव्या हाताला ठेवून निघतो. अंदमान समुद्र, म्यानमार, बांगलादेश, मग ओडिशा, आंध्र, तमिळनाडू असा बंगालच्या उपसागराला पूर्ण वळसा. पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ की तिथून या लाटेला वाट नाही, म्हणून श्रीलंकेला फेरी मारून ती केरळच्या बाजूने आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागते. वाटेत बंगालच्या उपसागरावरचा वारा तिच्यात भर घालतो किंवा काढून घेतो.

आपल्याकडचा किनाऱ्याचा करंट पण वर्षातून दिशा बदलतो, पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. हिवाळ्यात तर गोव्यासमोर वारा उत्तरेकडून आणि करंट उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर! दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी यावर पुष्कळ काम केलंय आणि त्यातलं एक मोठं कारण हेच निघालं, लांबून आलेल्या केल्विन लाटा. मालवणचा एखादा तांडेल (बोटीवरचा म्होरक्या) वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे बघून डोकं खाजवत असेल तर त्याचं उत्तर बंगालच्या उपसागरात आहे. लोंबोकवाली लाट आणि ही, एकाच आईच्या दोन मुली, सुमात्राला ताटातूट झालेल्या.

१४. बाकीच्या सामुद्रधुन्यांत पण असंच होतं का?

उलटतात पुष्कळ ठिकाणी, कारणं थोडी वेगवेगळी. इस्तंबूलच्या बॉस्फरसमध्ये वरचं पाणी काळ्या समुद्रातून दक्षिणेला आणि खालचं जड खारट पाणी उत्तरेला, हे १६८० च्या सुमारास मार्सिली नावाच्या इटालियनाने दोरीला वजन बांधून पाण्यात सोडून दाखवलं होतं. तिथे नैर्ऋत्येचा लोडोस वारा जोरात सुटला की वरचा थर थांबतो किंवा फिरतो, त्याला तुर्की लोक ओर्कोझ म्हणतात. तिथे वारा तिथलाच, लांबून निरोप वगैरे नाही.

अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंगमध्ये पाणी सरासरी उत्तरेला जातं, समोरून उत्तरेचा वारा असताना, पण वारा फारच पिसाळला की काही दिवस ते हरतं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेबला मान्सूनप्रमाणे वरचा थर दिशा बदलतो, हिवाळ्यात आत, उन्हाळ्यात बाहेर. यातल्या प्रत्येकावर वेगळं लिहायला लागेल, आत्ता एवढंच.

१५. २०२१ मध्ये बालीजवळ पाणबुडी बुडाली ती याच लाटेने का?

नाही, या लाटेने नाही. नांगाला ही इंडोनेशियाची पाणबुडी २१ एप्रिल २०२१ ला बालीच्या उत्तरेला बुडाली, ५३ जण गेले, ८०० मीटरपेक्षा खोल तुकडे सापडले. नंतर तिथल्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पाण्याच्या आतल्या लाटेची शक्यता बोलून दाखवली होती, ती शक्यताच. पण ती लाट वेगळ्या जातीची. भरतीचं पाणी लोंबोकच्या उंबरठ्यावरून घासत गेलं की गरम-गार पाण्याच्या सीमेवर मोठ्या लाटा उठतात, त्या काही मिनिटांत पाणी पुष्कळ खाली-वर करतात, त्यांचे पट्टे सॅटेलाइटच्या फोटोत पण दिसतात. केल्विन लाट इतकी सावकाश असते की पाणबुडीला तिचा पत्ताही लागणार नाही.

१६. दादा, मे महिन्यात हनिमूनला बालीला चाललोय, नुसा पेनिदाला स्नॉर्केलिंग करू ना? उलटा करंट आला तर?

अभिनंदन. केल्विन लाटेची काळजी सोडा, तुम्हाला ओढून नेणारा करंट भरतीचा असतो (प्रश्न ३), आणि तो तिथे खरंच दांडगा आहे, पोहून जिंकता येत नाही. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघा, उधाणाचे दिवस म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे टाळता आले तर टाळा, आणि तिथला गाईड "आज इथे नको" म्हणाला तर वाद घालू नका. मोठा मोला मासा बघायचा असेल तर मे नाही, जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा प्रश्न ८ मधलं गार पाणी वर आलेलं असतं आणि मासा त्याच्याबरोबर वर येतो, थंडी मात्र वाजते. आणि बोट रद्द झाली तर एजंटला केल्विन लाट समजावून पैसे परत मागू नका, मी प्रयत्न करून बघितलाय.